परखी

वडील जालन्याच्या मोंढ्यात मापाडी होते.
पोत्याच्या कुशीत परखी खुपसायचे,
तळव्यावर आलेले दाणे फुंकायचे,
एक दाताखाली धरायचे. कट्.
"ओल हाय. बारा न्हाई, चौदा."
मशीन नंतर आलं.
तेही चौदाच म्हणालं.

मी मोबाईलवर परखतो.
ब्लॉकचेनवर लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही,
मताला वजन, वजनाला टोकन,
मधे मालक नाही, आडत्या नाही,
हे मीच सांगत फिरलो तीन वर्षं,
मामा चौकातल्या चहाच्या उधारीवर.

प्रयाग काकडे एसटीत कंडक्टर, जालना-परतूर.
सुट्टीच्या दिवशी बारवा मोजते.
तिनं लिहिलं:
एकोणचाळीस पायऱ्या. अठ्ठाविसावी हलते.
कोनाड्यात देव नाही, होल्याचं घरटं आहे.
गावातली म्हातारी सांगते,
पाणी उत्तरेकडून घ्यावं, दक्षिणेचं मचूळ.
खाली तिकिटांच्या कोऱ्या बाजूवर
पेनानं काढलेला नकाशा.
मोबदला: सव्वातीन रुपये.

त्याच रात्री एक गुलाब.
दवबिंदू, शुभ प्रभात, फोटो कुणाचा कोण जाणे.
चार हजार.
एका बड्या खात्याचं मत
पाचव्या मिनिटाला आपोआप पडतं.
ते खातं वाचत नाही.
त्याच्यामागं माणूस आहे का, तेही ठाऊक नाही.

आता सांगूनच टाकतो,
गुलाब माझा होता.
बडं खातं भाड्यानं मिळतं,
आणि आम्ही सात जण,
तू माझ्यावर, मी तुझ्यावर.
वाचायचं नाही असा नियम नव्हता.
गरजच पडली नाही.

बारव मी वाचली आठव्या दिवशी,
बसस्टँडवर, गाडी लागेपर्यंत वेळ होता म्हणून.
अठ्ठाविसाव्या पायरीवर जरा थांबलो.
मत दिलं, होतं नव्हतं ते वजन टाकून.
पडद्यावर आलं: सात दिवसांची मुदत संपली.
मोबदल्यात भर, शून्य.
मत मात्र नोंदलं गेलं, कायमचं.
गुलाबही तिथंच आहे.
कायमचा.

वडिलांना सांगितलं, सगळं नाही.
"वही कोणाकडं असती?"
सगळ्यांकडं, म्हणालो. खाडाखोड करताच येत नाही.
"बरं हाय की," ते म्हणाले.
मग बराच वेळ पानाला चुना लावत बसले.
"पण पोत्यात हात कोण घालायलंय?"

गट सोडला का? अजून नाही.
फ्रिजचे तीन हप्ते राहिलेत.

रविवारी प्रयागच्या मागं बारवेत उतरलो.
ती टेप धरते, मी आकडे लिहितो.
अठ्ठाविसावी खरंच हलते.
उत्तरेकडची ओंजळ प्यालो,
मग दक्षिणेकडची,
आणि मोबाईल काढला.
ती म्हणाली, "लगेच कामून लिहायलात?
उन्हाळ्यात येऊ परत.
तवाबी मचूळ लागतंय का, बघू."