कळ

शनिवार पहिला.
त्रेगारोनच्या वर, लोकर कातरायच्या शेडमध्ये
लाल क्वाड उभी. मुलांची, एकशेदहा सीसीची,
एका डोळ्याने आंधळी.
नेस्टा उलट्या बादलीवर, मांडीवर पान्ह्यांचा डबा.
नऊ वर्षांची. माझ्याशी बोलायची ती आकड्यांत:
दहाचा. बाराचा. हा घे, आठचा.

बटण दाबलं की स्टार्टर फिरतो,
इंजिन कुंथतं, कुंथतं, पेट घेत नाही.
बॅटरी बारा पॉइंट सहा. फ्यूज शाबूत.
पेट्रोलला वॉर्निशचा वास;
दोन हिवाळे ते टाकीत मुरत पडलेलं,
ग्विलिम गेला तेव्हापासून.
कुठे गेला ते या घरात नीट सांगत नाहीत.
गेला म्हणतात, आणि किटली चढवतात.

कार्ब्युरेटर उघडला. पायलट जेटच्या छिद्रात
तांब्याच्या वायरीचा एक केस ओवला,
मग एक डोळा मिटून त्यातून दाराकडे पाहिलं.
“मोस दिसतोय का?”
“शेपूट दिसतंय.”
“मग साफ आहे,” ती म्हणाली.
तरी नाही पेटली.

शनिवार दुसरा.
प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला,
शेडचा दिवा घालवला. दाब बटण.
अंधारात आम्ही दोघं
नखाएवढ्या फटीकडे टक लावून.
काहीच नाही.
नवा प्लग. काहीच नाही.
कॉइल मोजली, स्टेटर मोजला,
पोर पडलं तर इंजिन बंद करणारी हँडलवरची लाल दोरी
ओढून मोजली, लावून मोजली.
मेरेडिथकडून सीडीआय आणून बदललं.
लोवरी दारात चहा घेऊन उभी:
“नवीच घेऊ या की, एमरिस.”
मी म्हटलं, जरा कळ काढ.
नेस्टाने मान खाली घातली
आणि क्रमाने लावलेले पाने
पुन्हा क्रमाने लावले.

तिसरा शनिवार आलाच नाही. एक मेंढी अडली होती.

चौथा.
सगळं तपासून उरली ती एकच वायर,
काळी, पांढऱ्या रेघेची.
ती अर्थला टेकली की ठिणगी मरते.
पहिल्या दिवशी बघायची, ती मी शेवटी बघत होतो;
हँडलकडचं टोक ठीक, म्हणून सगळीच ठीक धरली होती.
माणसांच्या बाबतीतही मी हेच करतो, लोवरी म्हणते.

बोटांनी माग काढत गेलो.
टाकीखाली एकीच्या दोन झाल्या होत्या.
एक फाटा सीटच्या दिशेने, निळ्या टेपमध्ये,
टेपचं टोक दुमडून मोकळं सोडलेलं,
पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून.
हा कारखान्याचा हात नव्हता.

त्या टोकाला एक कळ, बोटाच्या पेराएवढी.
मी हात घालायच्या आत
तिथे एक हात होता.

“डॅडने लावलेली. मी एकटीने नेऊ नये म्हणून.
मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.”
थोडं थांबून: “तुला पण.”

विचारायचं होतं ते सगळं
मीटरच्या लाल आणि काळ्या टोकांत धरून
मी नुसता उभा राहिलो.
“आधी ठिणगी बघू,” ती म्हणाली. “दिवा घालव.”

निळी. टक्. टक्.
तिच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचणारा उजेड.

दुसऱ्या दाबाला इंजिन पेटलं, धुरात मोस भुंकत सुटला.
अंगणात दोन चकरा, फार जोरात नाही.
परत आली, आणि चावीला हात न लावता
सीटखाली हात घालून बंद केली.

मग बादली उलटी केली, बसली.
“हेडलाइट लागत नाही,” म्हणाली.

बल्ब आतून काळा पडलेला होता.
दारातूनही दिसत होतं.
“वायरही असू शकते,” मी म्हटलं.
तिने डबा मांडीवर घेतला.
“हो,” म्हणाली. “बरीच लांब आहे ती वायर.”