छपरावरची नोंद

टूसॉन. पारा एकशे तेरावर.
उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही.
अर्नेस्टिनाबाई ओचोआ खाली शिडी धरून उभ्या,
वय ऐंशी. नको म्हटलं तरी धरतात.

मशीन सव्वीस वर्षांचं. कॉम्प्रेसर कण्हतोय,
त्याचा गॅस आता बनतही नाही.
माझा हिशेब सरळ: दुरुस्ती
नव्याच्या निम्म्यावर गेली, की नवं घ्यावं.
वर दहा वर्षांची हमी, मी ओरडून सांगितलं.
"दहा?" त्या हसल्या. "आणि माझी कोण देतंय?"

पत्रा उघडला. आतल्या बाजूला
जाड काळ्या पेनाच्या ओळी:
पंखा, जून नव्याण्णव.
कपॅसिटर, दोन हजार सात.
पुन्हा कपॅसिटर. मेल्याने ऐन जुलैत दगा दिला.
मग अक्षर बदलतं, बारीक, तिरकं:
मोटर. मीच चढले.
तू असतास तर ओरडला असतास.

नव्या मशीनचं माहितीपत्रक
खिशात घामाने भिजलं होतं. राहू दिलं.
व्हॅनमधला कपॅसिटर बसवला.
घरघर, खोकला, मग खालून बाईंचा आवाज:
"आलं, गार आलं!"

ऑक्टोबर गाठेल, मी म्हणालो. पुढचं माहीत नाही.

त्यांनी पेन वर फेकला.
पत्र्यावर जागा थोडीच उरली होती.
मी बारीक लिहिलं.