प्रकल्प : युरोपातील एक शहर

शनिवारी दुपारपासून रेवदंड्यात गाड्याच गाड्या,
एमएच बारा, एमएच चौदा,
टपावर दोरीनं बांधलेलं रबराचं बदक.
सगळे सरळ जातात. सरळ गेलं की समुद्र.

मी वीज कंपनीचा रीडिंगवाला.
मला मागच्या वाटा ठाऊक :
कुणाच्या वाडीचं बेडं कुठल्या बाजूला सरकतं,
कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो.

हर्षालीला शाळेतून आलं होतं,
'युरोपातील एका शहराची माहिती लिहा, चित्रांसह.'
झेरॉक्सवाल्याकडचं लिस्बन संपलेलं,
पॅरिस होतं, पण त्याचा मनोरा काळा पडलेला.
म्हटलं, चल, बस मागे.
एक शहर आपल्याकडेच आहे.
फक्त त्यातली माणसं उठून गेलीत.

तटाच्या आत शिरलो, आणि डावीकडे वळलो.
सातखणी बुरुजाशी कुणी फोटो काढत होतं,
त्याला लांबूनच ओळख दिली.

जनार्दन राऊतांच्या वाडीत
पोफळींच्या दोन ओळींमधे एक भिंत उभी आहे.
भिंतीला दार आहे, दारावर दगडी फुलं,
दाराच्या अलीकडे पोफळी
आणि पलीकडेही पोफळीच.
हर्षाली तीनदा आत गेली, तीनदा बाहेर आली.
'बाबा, आत कुठलं?'
मला सांगता येईना.
तिथल्या कोनाड्यात पंपाचा मीटर बसवलाय.
आधी कुणा संताची जागा असावी.
दर महिन्याला मी त्याच्यासमोर मान वाकवतो,
आकडे बारीक आहेत म्हणून.

पुढे कुंदाकाकूंच्या विहिरीवर धुण्याचा दगड.
त्यावर अक्षरं, आपली नव्हेत.
'कुणाचं नाव आहे?'
'होतं कुणाचंतरी,' काकू म्हणाल्या,
'मी या घरात आले तेव्हा दोन ओळी होत्या.
साबणानं एक गेली.'
आणि चादर उचलून त्यांनी जागा करून दिली.
हर्षालीनं वहीचा कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली.
दगड ओला.
एक अक्षर उमटलं, मग कागदच फाटला.
काकूंनी तिला दोन जाम दिले,
जाम पांढरे, आतून थंड.

खाडीकडच्या उतारावर
कोर्लईची इनास बसली होती, पाटीत बांगडे.
भाव करते आपल्या मराठीत,
मोजते मात्र घरच्या भाषेत, ओठांतल्या ओठांत.
पाचवा पिशवीत पडला तेव्हा म्हणाली, 'सिंक.'
हर्षाली फिदीफिदी हसली,
'भांडी घासायचं?'
इनासला काही कळलं नाही.
तिनं पंजा उघडून दाखवला,
पाच बोटं, खवल्यांनी चकाकणारी.
मग मुलीनंही आपला पंजा उघडला,
आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या
जरा जास्तच वेळ.
तेवढ्यात मी पैसे मोजून ठेवले.

रात्री बांगडे तळताना ती ओट्याशी लिहायला बसली.
हवामान, दमट.
नदी, कुंडलिका.
मुख्य पीक, सुपारी.
पाहण्यासारखी ठिकाणे, दार. दगड.
खाली पुसलेलं काहीतरी, बहुधा 'इनास'.
लोकसंख्या, इथं पेन्सिल थांबली.
'सांगा ना.'
मी हिशेब मांडला : तटाच्या आतले ग्राहक,
वजा कुलूपबंद घरं,
वजा मुंबईला राहून बिल भरणारे,
अधिक कुंदाकाकू.
कोनाड्यातला मीटर धरायचा की नाही,
त्यावरून आमचं भांडण झालं.

तिच्या बाई लाल शाईनं काय लिहितील, कुणास ठाऊक.
सोमवारी मला परत राऊतांकडे जायचंय.
मान वाकवली होती,
आकडा उतरवायचा राहिला.