बोट

सोलापुरात समुद्र नाही.
पाणी चार दिवसांआड, तेही पहाटे तीनला,
आणि तळ्यात पायानं मारायच्या होड्या,
हंसाच्या तोंडाच्या, एकाची चोच मोडलेली.

म्हणून रेवणसिद्ध म्हणाला, क्रूझला जाऊ,
तेव्हा मी आधी हसलो.

बावीस वर्षं झाली आमच्या मैत्रीला.
मैत्री. शब्द तोच वापरतो आम्ही,
धुऊन धुऊन मऊ पडलेला, आटलेला,
अंगाला पुरत नाही.

तो कमिशनमधून, मी ओव्हरटाइममधून
तीन वर्षं साठवत गेलो,
आणि गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा
घरी सांगितलं, गोव्याला लग्न आहे, कारखान्यातल्या कुणाचं.

काउंटरवरच्या पोरीनं विचारलं,
बेड वेगळे ठेवायचे ना, सर?
रेवण म्हणाला, नको. जोडून.

एवढंच.
बावीस वर्षांत चारचौघांत
मोठ्यानं म्हटलेलं पहिलं वाक्य.
तिनं काहीतरी टाइप केलं, किल्ली दिली.
मागं रांगेत कुणीतरी दोनदा खोकलं.

जेवायला टेबल नंबर एकेचाळीस, सहा खुर्च्या.
समोर होटगी रोडचे कोनापुरे, सहकुटुंब.
सोलापूरचे का? अरे वा!
पर्समधून शेंगाचटणीची पुडी निघाली,
कुठला चौक, कुणाचे कोण,
दहा मिनिटं सगळं गाव टेबलावर मांडलेलं.
मग म्हणाले, आणि मिसेस?

रेवणनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं.
ते पाहणं त्यांनी बरोबर वाचलं.
लोकांना वाचता येतं.
आम्हीच इतकी वर्षं धरून चाललो होतो की येत नाही.

दुसऱ्या रात्री चार खुर्च्या रिकाम्या.
वेटर म्हणाला, साहेबांना खिडकी हवी होती.
खिडकी आमच्याच टेबलाला होती.

केबिनमध्ये पलंगावर टॉवेलचे हंस.
घडी घालणारा पोरगा मणिपूरचा, तोम्बा नाव.
पहिल्या दिवशी दोन कोपऱ्यांत दोन ठेवले होते,
आज मधोमध, चोचीला चोच.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मी एक हंस उलगडला, काठ अंगठ्यानं चोळून पाहिला.
सवय, दुसरं काय.
काठ आमचा होता. अक्कलकोट रोडचा.
सतरा नंबरच्या मागावर उजवीकडचा धागा सैल बसतो,
तीन महिने सांगतोय मी मालकाला.
म्हणजे माझ्या आधीच
गठ्ठ्यात बांधून माझा हात इथं आला होता,
आणि कोनापुऱ्यांनी सकाळी तोंड पुसलं
तेही आमच्याच मालानं.

बोट.
ती म्हटलं तर पाण्यावर चालते,
ते म्हटलं तर आपल्याकडं वळतं.
फरक फक्त लिंगाचा, शाळेत बाई म्हणायच्या,
आणि वर्ग उगाचच हसायचा.
मी सगळ्यांत मोठ्यानं.

शेवटच्या रात्री डेकवर, अंधारात,
रेवणनं माझं बोट धरलं. करंगळी.
कॉलेजची दोन पोरं फिसकन हसली,
एकानं मोबाइल वर केला.
बाकावरची एक म्हातारी थोडी सरकली, म्हणाली,
इकडं बसा, इकडं वारा कमी आहे.
दोन्ही ऐकलं.
दोन्ही सामानात भरून घरी आणलं.

पंधरा दिवसांनी नवी पेठेत कोनापुरे समोर.
त्यांनी चपलांच्या दुकानाकडं तोंड फिरवलं.
वहिनी थांबल्या.
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
बोट नाही ना लागली तुम्हाला?
मी म्हणालो, नाही वहिनी.

ह्यांना लागली, त्या म्हणाल्या.
अजून उतरली नाही.

आणि नवऱ्यामागं भराभर चालत्या झाल्या.