खारवणीचं मीठ

आइसलंडच्या काळ्या लाव्हावर
जमीन वाफ सोडते, वाफेसोबत कर्बवायू.
त्याला आम्ही वाऱ्यावर जाऊ देत नाही.
पाणी फोडून सुटलेला हायड्रोजन त्याच्या जोडीला देतो,
तांब्याच्या दाण्यांतून दोघांना दाबून नेतो.
खाली ठिबकतं मिथेनॉल,
आणि उसन्या पाण्यातलं थोडं परत.

बाबांनी चाळीस वर्षं डिझेलवर कॉड आणला.
"ना काजळी, ना तो वास. हे कसलं इंधन?"

बशीत ओतून काडी लावली.
भर उन्हात काहीच दिसेना.
"पेटलंच नाही, स्टेनवर," म्हणत त्यांनी हात पुढे केला.
मी मनगट धरलं,
बाहीला चिकटलेलं खारवणीचं मीठ सांडलं

आणि पिवळी ज्योत उभी राहिली.

बाबा हात चोळत राहिले.
मग म्हणाले,
टाकी दुप्पट लागेल ना?