तिनं काय म्हटलं

खसबच्या धक्क्यावरून साडेनऊला सुटतं आमचं गलबत.
गालिचे, लोड, वेलची घातलेला कहवा,
कलिंगडाच्या फोडी मी पहाटेच कापून ठेवलेल्या.
आज सत्तावीस पाहुणे. दोघींना बोट लागते,
त्यांना लिंबू हुंगायला देतो. तेही पगारातच येतं.

दोन्हीकडे डोंगर, गवताचं पातं नाही.
नाखवा खमीस म्हणतो, टाळ्या वाजवा, शिट्ट्या मारा,
डॉल्फिन येतील.
येतात.

तिसऱ्या खाडीत आठ घरांचं गाव.
रस्ता नाही, विहीर नाही. पाणी येतं बोटीनं,
ते परवापासून आलेलं नाही,
कारण सुट्ट्या लागल्यात आणि धक्क्यावर
आमच्यासारखीच गलबतं, कडेला कड लावून.
हे पाहुण्यांना सांगायचं नसतं.
त्यांना सांगायचं : सगळं जसंच्या तसं आहे, शेकडो वर्षं.

पूर्वी आम्ही लांबूनच वळायचो.
यंदा मालकानं अर्ध्या तासाची गावभेट घातली,
तिकीट पाच रियालनं वाढलं.
त्यातलं गावाला काय, असं मी एकदा विचारलं होतं.
माझा पासपोर्ट मालकाच्या खणात असतो.
दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रैया शेळ्यांसाठी तारली वाळत घालत होती.
एकानं तिच्या चुलीचा फोटो काढला,
एकानं दोरीवरच्या कपड्यांचा.
एक बाई उंबरा ओलांडून आत गेली,
बाहेर येऊन म्हणाली, आत किती गार आहे!
तेव्हा सुहैलनं, रैयाच्या नातवानं,
बापाचा फुटक्या काचेचा मोबाइल काढला
आणि पाहुण्यांचे फोटो घ्यायला लागला :
पोटऱ्या, क्रीम फासलेली नाकं, घामेजल्या काखा.
एका गृहस्थानं हात आडवा धरला.
विचारल्याशिवाय नाही, पोरा.

रैया मान वर न करता काहीतरी बोलली.
सगळे माझ्याकडे वळले. काय म्हणाली? काय म्हणाली?

ती म्हणाली होती :
यांना विचार, यांच्या गावी मी न सांगता गेले
तर यांच्या चुलीपाशी जाऊ देतील का मला?
आणि तू रे,
तुझ्या घरी कुणी आहे की नाही?

मी म्हणालो, ती म्हणते, पुन्हा या.
पाहुण्यांनी छातीवर हात ठेवले. कुणाचे तरी डोळे भरून आले.

परतताना शेवटच्या वळणावर रेंज येते.
भावाचा निरोप : हेदवीच्या घराच्या दोन खोल्या
आता पर्यटकांना देतो. पुण्याचे लोक होते.
आईचा कोलिम साफ करतानाचा व्हिडिओ केला त्यांनी,
फार खूश झाले.
आईपण खूश. म्हणाली, पुन्हा या.

ते वाक्य मी बराच वेळ वाचत राहिलो.

मग डेक धुतला. गालिच्यांखाली
अकरा अर्ध्या बाटल्या सापडल्या, अजून गार.
फेकायच्या असतात.
एकेक करून कॅनमध्ये ओतल्या,
झाकण घट्ट लावलं, लोडामागे ठेवला.
त्या खाडीत आता गुरुवारी जायचंय.