हेतू, शब्दमर्यादा पाचशे

रात्री साडेअकरा. जेलरोडची खोली.
फॉर्म विचारतो : संशोधनच का?

'लहानपणापासून मला' एवढं लिहून खोडते.
लहानपणापासून मला फक्त झोप आवडायची.

गायधनी सरांचं शिफारसपत्र गेलंय,
मला ते दिसणार नाही.
फोनवर म्हणाले, "प्रोग्राम तीन आठवडे चुकत होता
तेव्हा तू डबा न उघडताच घरी न्यायचीस,
तेच लिहिलंय."
हे गुणांत धरतात का, विचारायचं राहिलं.

पप्पा प्रेसमध्ये. अठ्ठावीस वर्षं
नोटांच्या कोऱ्या ताव्यांत चूक शोधतात :
सरकलेली रेघ, फिकी शाई.
कामाचं घरी बोलायचं नाही, हा नियम.
पण ताटातला पापडसुद्धा ते
आधी उजेडाकडे धरतात.

मी लिहिते :
यंत्राला जी चूक कुणी कधी दाखवलीच नाही,
ती त्याला ओळखता येईल?

मराठीत अकरा शब्द.
इंग्रजीत किती, कोण जाणे.
बाकीचे चारशे एकोणनव्वद
कुठून आणायचे?

पहाटे पहिल्या पाळीचा गजर.
पप्पा दात घासत मागे येऊन उभे राहतात,
इंग्रजी वाचत नाहीत, नुसतं बघतात.
मग ओल्या बोटाने स्क्रीनवर :
"इथे टिंब दोनदा पडलंय."